पावलिक हार्नेस की कडक ब्रेस: गोव्याच्या पावसात निवडताना

नवजात बाळाच्या खुब्याचं हाड वाटीतून निसटलेलं असेल, तर निवड पालकांची नसतेच. डॉक्टर सहसा आधी पावलिक, म्हणजे पाय वाकवून फाकलेले ठेवणारा, छाती-खांद्यांपासून पायांपर्यंत जाणारा मऊ पट्ट्यांचा हार्नेस लावतात आणि ते योग्यच आहे. पण बाळ चारपाच महिन्यांचं आहे, हाड जागेवर आहे, फक्त वाटी उथळ आहे, आणि डॉक्टर ‘दोन्ही चालेल’ म्हणतात, तेव्हा विचार करावा लागतो. आम्ही त्या वेळी कडक अ‍ॅबडक्शन ब्रेस, म्हणजे मांड्या फाकलेल्या ठेवणारा प्लास्टिक-फोमचा साचा घेतला.

पावलिकचा मोठा गुण म्हणजे बाळ लाथा झाडू शकतं, आणि त्या हालचालीतच वाटी घडत जाते. त्रास होतो तो बहुतेक पट्ट्यांच्या ताणामुळे. छातीचा पट्टा स्तनाग्रांच्या रेषेत हवा आणि त्याखाली दोन बोटं गेली पाहिजेत. पुढचे पट्टे खुबा ९० ते १०० अंशांत वाकलेला ठेवतात. ते जास्त आवळले, वाक १२० अंशांपलीकडे गेला, की मांडीच्या पुढची नस (मज्जातंतू) दाबली जाते. मग बाळ बोटं हलवतं, पण गुडघा सरळ करून लाथ मारत नाही. रोज तळव्याला गुदगुल्या करून दोन्ही पाय पाहा. एक पाय गप्प वाटला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. ताण काढला की बहुतेक बाळांची नस काही आठवड्यांत सुधारते. मागचे पट्टे मात्र सैलच हवेत. त्यांचं काम पाय आत पडू न देणं एवढंच. ते ओढून मांड्या जबरदस्तीने फाकवल्या, तर मांडीच्या हाडाच्या वरच्या गोल टोकाचा रक्तपुरवठा तुटू शकतो, आणि हे नुकसान सर्वांत वाईट. निसटलेलं हाड तीनचार आठवड्यांत वाटीत बसल्याचं सोनोग्राफीत दिसलं नाही, तर हार्नेस थांबवतात. तसाच चालू ठेवला तर वाटीची मागची कड झिजते.

कडक ब्रेसमध्ये मांड्यांचा कोन एकदाच ठरतो, घरातल्या कुणाच्या हातून तो बदलत नाही. फाकवण्याचा धोका इथेही आहे, म्हणून कोन डॉक्टरांनीच ठरवायचा. बाकी त्रास मांडीच्या कफांचा, म्हणजे मांडीभोवती बसणाऱ्या वेढ्यांचा. बाळ भराभर भरतं, कफ रुततात किंवा गुडघ्याकडे घसरतात. ब्रेस काढल्यावर लाली अर्ध्या तासात गेली नाही, तर माप बदलायला हवं.

आमचा निर्णय झाला तो ओलाव्यावरून. जून ते सप्टेंबर इथे साधी दुपटीसुद्धा दोन दिवस दमट राहतात. पावलिक दिवसरात्र अंगावर, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय काढायचा नाही, म्हणजे धुवायचाही नाही. डायपरमधून शू झिरपली की पायाचे पट्टे भिजतात आणि ओला पट्टा गुडघ्यामागच्या वळीत घासत राहतो. त्वचा लाल होते, मग पांढुरकी होऊन सोलते, आंबूस वास येतो. खाली पातळ सुती अंगडं आणि गुडघ्यावर येणारे मोजे घातले की बराच फरक पडतो, पण मोजेही वाळायला हवेत ना. कडक ब्रेसचं प्लास्टिक आणि फोम ओल्या फडक्याने पुसला, टॉवेलने टिपला, की लगेच परत चढवता येतो. पावसाळ्यात एवढी एक सोय मला बाकी सगळ्यापेक्षा मोठी वाटली.

दोन्हींत एक पथ्य सारखंच. न्हाऊ घालणाऱ्या बाईंना आधीच सांगून ठेवा: पाय ओढून सरळ करायचे नाहीत, आणि पट्ट्यांखाली किंवा कफांखाली खोबरेल नको, पावडरही नको. पावडर घामात भिजून गोळा होते आणि नेमकी जांघेत टोचते.

उन्हाळ्यात सुरुवात असेल किंवा घरात ड्रायर असेल, तर तुमचं मत वेगळं होऊ शकतं. तीन महिन्यांखालच्या बाळासाठी मीही पावलिकच मागेन. तेव्हा डॉक्टर बदलू देत असतील तर दुसरा संच घ्या, आणि त्याच्या पट्ट्यांवर पहिल्यासारख्याच खुणा डॉक्टरांकडून पक्क्या शाईने करून घ्या.