ग्रीन सनफिश आणि छोटा टँक : दहा महिन्यांचा अनुभव

आधी निकाल सांगून टाकतो कारण अर्धे लोक तेवढंच वाचतात. ग्रीन सनफिश (उत्तर अमेरिकेतल्या ओढ्या-तळ्यांतला एक भांडखोर मासा) ठेवायला २० गॅलनचा लाँग टँक घेणार असाल तर नका घेऊ. ३० इंच लांब, १२ रुंद, १२ उंच, पाणी साधारण ७५ लिटर. एक पिल्लू चार-पाच महिने निघेल त्यात, दोन ठेवलेत तर एक मरणार. ४० गॅलनचा ब्रीडर, म्हणजे ३६ बाय १८ बाय १६, एका माशाला बरा. तोही एकालाच.

आता सविस्तर. आम्ही ओहायोत राहतो, कोलंबसजवळ, घरामागे पाच मिनिटांवर ओढा आहे. लेक आठ वर्षांची, तिला गळाचं वेड, आणि त्या ओढ्यात गांडूळ लावून गळ टाकला की सगळ्यात आधी हाच येतो. ब्लूगिल, म्हणजे याचाच भाऊबंद, जरा विचार करतो, हा नाही. ओळखायचा कसा तर तोंड मोठं, जबडा पार डोळ्याच्या मध्याखाली येतो, गालावर निळसर हिरव्या नागमोडी रेघा, वरच्या पराच्या मागच्या बुडाशी काळा डाग, परांच्या कडा पिवळट. ब्लूगिलचं तोंड एवढुसं असतं. दोघांचा संकरही होतो त्यामुळे कधीकधी नक्की काय हातात आलंय ते कळत नाही. माझी आई उन्हाळ्यात इंदापूरहून आली होती, तिने बघितलं आणि म्हणाली, "अरे ही तर चिलापी! भिगवणला ढिगाने मिळते, हिच्यासाठी एवढा खर्च केलास?" चिलापी म्हणजे तिलापिया, नातं तसं काही नाही दोघांत, पण लांबून तशी दिसते खरी.

तर मागच्या ऑगस्टअखेर दोन-दोन इंचाचे तीन आणले. लायसन्स माझ्याकडे होतं आणि जिवंत मासा घरी नेण्याचे नियम आधी वाचून घेतले होते, तुम्हीही तुमच्या राज्याचे वाचा, प्रत्येक राज्याचं वेगळं आहे आणि काही ठिकाणी हे सरळ बेकायदा आहे. टँक घेताना दुकानातला पोरगा म्हणाला दोन-तीन आरामात राहतील. त्याला दोष देत नाही, तो बिचारा गप्पी-मॉलीसारख्या छोट्या, गरीब माशांच्या हिशोबाने बोलत होता.

पहिले दोन आठवडे मस्त. तिघं एकत्र फिरायचे, काचेजवळ गेलं की खायला मागायचे. मग त्यातला एक जरा वाढला, लेकीने त्याचं नाव सरपंच ठेवलं, आणि तिथून गावाचं वातावरण बिघडलं. आधी त्याने डाव्या कोपऱ्यातली मातीची कुंडी धरली. मग अर्धा टँक. मग सगळाच.

ऑक्टोबरात एका सकाळी लाइट लावला तर सगळ्यात लहान मासा वरच्या कोपऱ्यात, फिल्टरच्या नळीमागे, तोंड पाण्याच्या वरच्या थराला टेकवून तिरका उभा. शेपूट जुन्या टूथब्रशसारखी पिंजलेली, एका बाजूचे तीन-चार खवले उडालेले. सरपंच खाली कुंडीच्या तोंडाशी, काही घाई नाही. लहान्याने वीतभर खाली यायचा प्रयत्न केला की हा सुटायचा आणि काचेवर टक् असा आवाज यायचा, खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येईल एवढा. मी म्हटलं होईल सवय. दोन दिवसांनी तो गेला. ही शंभर टक्के माझी चूक, त्याच सकाळी त्याला बादलीत काढायला हवं होतं.

मला नंतर समजलं ते हे की हा मासा गॅलन मोजत नाही, त्याला जेवढं दिसतं तेवढं त्याचं. ओढ्यात मारामारी होतेच, मी काठावर बसून पाहिलीय, पण हरलेला दोन-तीन मीटर पळतो, झाडाच्या मुळीमागे जातो, विषय संपला. ३० इंचाच्या टँकमध्ये पळणारा दुसऱ्या काचेला आपटतो आणि मागे वळतो ते थेट पाठलाग करणाऱ्याच्या तोंडावर, आणि सरपंचाला वाटतं हा उलटून आला. याच माशाच्या हद्दी आणि उतरंडीवर बर्नार्ड ग्रीनबर्ग नावाच्या संशोधकाने टँकमध्ये अभ्यास करून १९४७ साली पेपर छापलाय, म्हणजे मी काही नवीन शोध लावला नाही, फक्त आधी वाचलं नाही.

मग उरलेल्या दोघांमध्ये पार्टिशन टाकलं. ट्यूबलाइटखाली लावतात ती प्लास्टिकची चौकटी जाळी मिळते, कापून बसवली. दोन गोष्टी फसल्या. एक, काचेशी अर्ध्या इंचाची फट राहिली, आणि सनफिश चपटा असतो हे मी विसरलो, दुसऱ्या रात्री सरपंच पलीकडे. नशीब मी जागा होतो. दोन, फट बुजवल्यावरही जाळीतून एकमेकांना दिसत होते, त्यामुळे दोघंही दिवसभर जाळीशी तोंड लावून पर फुलवून उभे. खाणं निम्म्यावर आलं. शेवटी आतून काळं प्लास्टिक शीट लावलं तेव्हा कुठे शांतता, पण मग प्रत्येकाच्या वाट्याला १५ इंच आले. हे काही जगणं नाही. दुसरा मासा ऑफिसमधल्या एकाने नेला, त्याच्याकडे ५५ गॅलन रिकामा पडून होता. परत ओढ्यात का नाही सोडला असं विचारू नका. टँकमध्ये राहिलेला मासा बाहेर सोडायचा नसतो, टँकमधला रोग ओढ्यात जातो. आणि ज्या राज्यांत हा मूळचा नाही, कॅलिफोर्निया, ॲरिझोनाकडे, तिथे सोडलेल्या ग्रीन सनफिशने तिथल्या देशी माशांची वाट लावलीय.

डिसेंबरात सेलमध्ये ४० ब्रीडर घेतला. भरल्यावर वजन दोनशे किलोच्या आसपास जातं, त्यामुळे बेसमेंटच्या काँक्रीटवर ठेवला, पुस्तकांच्या कपाटावर ठेवायचा विचार ज्यांच्या मनात आहे त्यांनी तो सोडून द्यावा. फरक पहिल्याच आठवड्यात दिसला. १८ इंच रुंदीमुळे मासा वळतो, नुसता पुढे-मागे येरझाऱ्या घालत नाही. मधोमध फरशीचा एक उभा तुकडा आणि ओंडका ठेवलाय म्हणजे एका टोकावरून दुसरं टोक दिसत नाही. काचेवर टक् बंद.

फिल्टरबद्दल. हा मासा खातो दणकून आणि घाण करतो त्याहून दणकून. २० गॅलनमध्ये आठवड्याला ३० टक्के पाणी बदलूनही नायट्रेट (माशाच्या घाणीतून पाण्यात साठत जातं ते) ८० पीपीएमला जायचं, आता ४० गॅलनमध्ये दर रविवारी निम्मं बदलतो आणि ४०च्या वर जात नाही. अमोनिया, नायट्राइट ही त्याहून विषारी घाण कायम शून्य, कारण सुरुवातीला मित्राच्या चालू टँकमधला स्पंज आणून लावला होता, त्यातले जिवाणू ती पचवतात. कॅनिस्टर फिल्टर आहे, म्हणजे टँकबाहेर ठेवायचा डब्यासारखा, शिवाय एक स्पंज. नळाच्या पाण्यात क्लोरीन किंवा क्लोरामाइन असतं, ते माशाला बाधतं, त्यामुळे ते मारणारं कंडिशनर घालायला विसरायचं नाही. हीटर नाही, लागतच नाही, हेच या माशाचं सगळ्यात मोठं सुख.

उलट ऊबच त्रासाची ठरली. हिवाळ्यात बेसमेंटचं पाणी १७-१८ डिग्री, सरपंच शांत, दिवसाआड खायचा. मार्चमध्ये मी हौसेने नवीन लाइट लावला, चौदा तास चालू, पाणी २४ वर गेलं, आणि याच्या परांच्या कडा एकदम पिवळ्याजर्द. तीन दिवसांत शेपटीने खडी उडवून ताटाएवढा खड्डा केला, खालची काच उघडी पडली, फिल्टरचा पाइप वाकडा. घरटं! मादी नाही, कोणी नाही, तरी घरटं राखत बसला आणि मी पाणी बदलायला हात घातला की चावायचा. दात बारीक असतात, सँडपेपर घासल्यासारखं होतं, रक्त नाही येत पण माणूस दचकून कोपर टँकच्या कडेला आपटतो. लाइट टायमरवर आठ तास केला आणि पंखा लावला तेव्हा दोन आठवड्यांनी भानावर आला.

सोबतीचे प्रयोगही करून झाले. सहा फॅटहेड मिनो, म्हणजे बोटभर छोटे मासे, चार दिवसांत शून्य. एक क्रेफिश, म्हणजे आपल्या खेकड्याचा लांबडा भाऊ, तो तीन आठवडे टिकला, नांग्या उगारून बरोबरीने उभा राहायचा, मग कात टाकली आणि त्याच रात्री संपला. काही जण सांगतात सात-आठ मासे एकदम टाका म्हणजे मार वाटला जातो. मोठ्या टँकमध्ये कदाचित, पण ४० गॅलनमध्ये आठ सनफिशची घाण काढायला मला नोकरी सोडावी लागेल.

खायला गांडूळ, गोठवलेलं क्रिल (कोळंबीसारखे बारीक जीव), आणि गोळ्या. गोळ्या पहिले दीड महिने थुंकायचा, मग गांडुळाच्या तुकड्यांमध्ये एक-एक मिसळत सवय लावली. दुकानातले स्वस्त गोल्डफिश खायला घालू नका, त्यात थायमिनेज नावाचं विकर असतं, सारखे दिले तर ब१ जीवनसत्त्व कमी पडतं, आणि रोग येतात ते वेगळेच. झाकण घट्ट हवं, वर दोन डंबेल ठेवलेत मी. माशी झाकणावर बसली तरी हा उडी मारतो.

मग ठेवावा का? एकटा ठेवणार असाल तर हो, मनापासून हो. मी जिना उतरायला लागलो की पावलं ओळखून पुढे येतो, बायको उतरली की येत नाही (ती खायला घालत नाही, एवढंच). लेक गृहपाठ टँकसमोर बसून करते आणि तो काचेतून तिची पेन्सिल इकडून तिकडे जाते तसा मान नसताना मान फिरवल्यासारखा सगळं अंग फिरवतो. आता पाच इंचाचा झालाय, अजून वाढेल, त्यामुळे ७५ गॅलनचा टँक बघतोय, लांबी चार फूट, रुंदी तीच १८. ५५ गॅलनचा मुद्दाम घेत नाही, लांब आहे पण रुंदी जेमतेम १३ इंच.

ऑफिसवाल्याने परवा दुसऱ्या माशाचा फोटो पाठवला. सहा इंच, सरपंचापेक्षा मोठा. त्याच्याबरोबर तिथे आधी दोन सिक्लिड (तेही भांडखोर म्हणून ओळखले जाणारे मासे) होते, ते आता शेजारच्या बादलीत आहेत आणि मला विचारतोय तुझा २० गॅलन रिकामा आहे का.