सिलिकॉनची पट्टी, लायपोसक्शनचे वण आणि बोअरचं पाणी : सहा महिन्यांनंतर

लायपोसक्शनच्या वणांवर लावायला घेतलेल्या सिलिकॉन पट्टीच्या याच रोलला तीन महिन्यांपूर्वी दोन स्टार देऊन मोकळी झाले होते. ‘चिकटत नाही, पैसे पाण्यात गेले’ असं लिहिलं होतं. आता सहावा महिना संपत आला आणि ते वाक्य निम्मं मागे घ्यावं लागतंय. पैसे पाण्यात गेले हे बरोबरच होतं. कोणत्या पाण्यात, ते तेव्हा कळलं नव्हतं.

आधी मापाचं बोलू. रोल 4 सेंटिमीटर रुंद, दीड मीटर लांब, साडेआठशे रुपये. हा माल सिझेरियनसारख्या लांब टाक्यांना शोभणारा आहे. लायपोसक्शनचा वण म्हणजे चरबी ओढून काढणारी नळी (कॅन्युला) आत जाण्यापुरतं पाडलेलं छिद्र, 3 ते 5 मिलिमीटरचं. त्यावर वीतभर पट्टी लावणं म्हणजे काज उसवलं म्हणून अख्ख्या सदऱ्याला ठिगळ. 2 बाय 2 सेंटिमीटरचे चौकोन कापायचे. वणाच्या चारी बाजूंना आठेक मिलिमीटर पट्टी राहते, तेवढी पुरे. कोपरे कात्रीने गोल करायचे, कारण टोकदार कोपरा कपड्याला अडकून उचलतो आणि मग सगळा तुकडा गुंडाळत जातो. या हिशोबाने एका रोलचे 150 तुकडे होतात. पोट आणि कंबर मिळून सहा वण, एक तुकडा दोन-तीन आठवडे, म्हणजे तीन महिन्यांना फार तर चाळीस तुकडे. दुसरा रोल घ्यायची गरजच नाही. ‘दोन घ्या, स्वस्त पडेल’वाल्या ऑफरला भुलू नका.

लावायला सुरुवात छिद्र पूर्ण मिटल्यावर, खपली आपोआप पडल्यावर. साधारण दोन-तीन आठवडे धरा. काही सर्जन एखाद-दोन छिद्रांना मुद्दाम टाका घालत नाहीत, आतलं पाणी झिरपून जावं म्हणून. ती उशिरा मिटतात, तिथे घाई नको. पहिल्या दिवशी 4 तास, मग रोज दोन-दोन तास वाढवत 12 तासांच्या वर न्यायचं. रात्र धरली की 12 तास सहज होतात. किमान तीन महिने.

आता मुख्य रडगाणं. पट्टी रोज काढून सौम्य साबणाने धुवायची, वाळवायची, पुन्हा लावायची, असं डब्यावर लिहिलंय. तसंच केलं. चौथ्या-पाचव्या दिवशी कडा सुटायला लागल्या, आठवड्यात तुकडा कागदासारखा कोरडा. माल डुप्लिकेट असणार असं वाटलं. विक्रेत्याकडे परत पाठवायला गेले तर ‘अंगाला लावायची वस्तू, उघडल्यावर परत घेत नाही’. फोटो मागवले, पाठवले, पुन्हा तेच उत्तर. तेव्हाच ते दोन स्टार दिले.

दोष पट्टीत नव्हता. आपल्याकडे वापरायचं पाणी बोअरचं, नाहीतर टँकरचं, आणि टँकरही कुठल्या तरी बोअरवरच भरलेला. त्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार. बादलीच्या कडेला आणि गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो, तो त्यांचाच. अशा पाण्यात साबण फेसाळत नाही, क्षारांशी मिळून त्याचा चिकट साका होतो, आणि तो पाण्यात विरघळत नाही. पट्टीच्या चिकट बाजूवर रोज त्या साक्याचा एक पापुद्रा चढत होता. खात्री करायला एकाच रोलचे दोन तुकडे कंबरेच्या दोन बाजूंना लावले, एक बोअरच्या पाण्याने धुतला, दुसरा जारच्या. बोअरवाला पाच दिवसांत गेला, जारवाला अठरा दिवस टिकला.

तेव्हापासूनची पद्धत अशी. वाटीभर जारचं नाहीतर आरओचं पाणी, त्यात बेबी शाम्पूचे दोन थेंब. शाम्पू म्हणजे साबण नव्हे, त्याचा साका होत नाही. तुकडा बोटाने हलकेच चोळायचा, मग साध्या जारच्या पाण्यातून दोनदा काढायचा. चिकट बाजू वर करून स्टीलच्या ताटलीत सावलीत वाळत ठेवायचा, वर जाळी. पंचाने पुसला की तंतू चिकटलेच म्हणून समजा. सहा तुकड्यांना दोन वाट्या पाणी लागतं, लातूरकरांनाही परवडेल इतकं. वणाच्या जागेवरही आंघोळीच्या साबणाचा तोच थर असतो, म्हणून लावण्याआधी जारच्या पाण्यात बुडवलेल्या सुती फडक्याने जागा पुसायची. खाली तेल, क्रीम, पावडर काही नको.

एवढा उपद्व्याप कशाला, असं वाटेल. पण पट्टीत औषध नसतं. नव्या कातडीतून पाणी लवकर उडतं, ते पट्टी अडवते. कातडी ओलसर राहिली की खाली कोलॅजन (वण जाड करणारे तंतू) भरमसाट तयार होणं मंदावतं आणि वण उचलून येत नाही. पट्टी सुटली, खाली हवा शिरली, की काम थांबलं.

एप्रिल लागल्यावर मत पुन्हा एकदा हललं. पारा 42 च्या पुढे, आणि घरात कूलर. कूलरची हवा गार असते पण दमट. पट्टीखाली घाम साचून कातडी पांढरी, सुरकुतलेली, भोवती घामोळं. अशा वेळी पट्टी एक-दोन दिवस बंद ठेवायची आणि नंतर फक्त रात्री. दिवसा सिलिकॉन जेल: एका वणाला मोहरीएवढं, पातळ पसरून पाच मिनिटं वाळू द्यायचं, मगच कपडे. जेल महाग वाटतं, पण मोहरीच्या मापाने 15 ग्रॅमची ट्यूब संपता संपत नाही. शस्त्रक्रियेची तारीख आपल्या हातात असेल तर नोव्हेंबर-डिसेंबरची घ्या. पट्टीचे पहिले तीन महिने बहुतेक कडक उन्हाळ्याआधी निघून जातात.

निकाल सारखा नाही. बेंबीतला वण शोधावा लागतो. कंबरेच्या डाव्या बाजूचा मात्र काळसर आहे, आणि त्याला कारण परकराची नाडी. नाडी बरोबर त्या छिद्रावरून जाते, दिवसभर घासते, आणि सावळ्या कातडीला घर्षण झालं की डाग पडतो. चार बोटं रुंद पट्ट्याचा परकर शिवून घ्या, गाठ वणापासून लांब. दुसरं कारण ऑपरेशन टेबलावरचं: एकाच छिद्रातून कॅन्युला फार वेळ मागे-पुढे झाली की छिद्राची कड घासून भाजल्यासारखी होते आणि तोच वण रुंद उरतो. छिद्रं किती, कुठे, कडेला संरक्षक नळी लावणार का, हे आधीच विचारायचे प्रश्न आहेत.

पट्टी काय करत नाही तेही ऐका. वणाखाली खड्डा पडला असेल तर तो भरत नाही. आतल्या गाठी वेगळ्या; त्यांचा संबंध सूज, मसाज आणि प्रेशर गारमेंटशी, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर घालायच्या घट्ट कपड्याशी. त्या गारमेंटला कंबरेवर घडी पडू देऊ नका, नाहीतर घडीची रेघ कातडीवर उमटते. काळेपणावर पट्टीचा परिणाम थोडाच. उघड्या जागी एसपीएफ 30 च्या वरचं सनस्क्रीन हवं. मेडिकलवाल्याने हातात ठेवलेली ‘गोरेपणाची’ स्टेरॉइड क्रीम वणावर नको, कातडी पातळ होते. व्हिटॅमिन ई कॅप्सूल फोडून लावण्याने फायदा दिसलेला नाही, पुरळ मात्र अनेकांना उठतं. हळद-लिंबूही नको. घरात कोणाला केलॉइडची (वण जाड होऊन हद्दीबाहेर वाढण्याची) खोड असेल, किंवा वण खाजत, दुखत छिद्राच्या हद्दीबाहेर पसरत असेल, तर पट्टीवर विसंबू नका. त्याला कातडीच्या डॉक्टरांकडचं इंजेक्शन लागतं. आणि मशेरी-तंबाखू. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, जखम रेंगाळते, मग कुठलीही पट्टी आणा.

मसाज छिद्र पक्कं मिटल्यावर, पट्टी काढलेल्या वेळेत: बोटाच्या पेराने कातडी फिकी पडेल इतका दाब, गोल, आडवा, उभा, दिवसातून दोनदा पाच मिनिटं. लालसरपणा पहिल्या दोन-तीन महिन्यांत वाढलेला दिसेल, घाबरू नका. वण बसायला वर्ष-दीड वर्ष जातं.

आता चार स्टार. एक कापला तो डब्यावर क्षारांच्या जड पाण्याबद्दल एक ओळही न छापल्याबद्दल. उरलेला रोल पाठच्या कागदासकट डब्यात, कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवा; पत्र्याखालच्या खोलीत ठेवलेला मे महिन्यात एकमेकांना चिकटून बसतो.