आमचाच साउंडबॉक्स आम्हालाच विकला

साडेसात हजार रुपये गेले त्याचं वाईट वाटतंच, पण आजोबांच्या हातची वस्तू मी स्वतः पॅक करून, कुरियरचे पैसे भरून त्या माणसाला पाठवली, हे जास्त लागलं. जुन्या ग्रामोफोनचे सुटे भाग शोधणाऱ्यांनी एवढं वाचा, मग काय ते ठरवा.

आमच्याकडे आजोबांचा एचएमव्ही १०१ आहे. बॅगेसारखा मिटणारा, हातात धरून नेता येणारा. हे मॉडेल १९२५ साली बाजारात आलं. चावी, स्प्रिंग, तबकडीचा वेग आवरणारा गव्हर्नर, सगळं ठणठणीत. बिघडला होता तो फक्त साउंडबॉक्स. ज्यांनी कधी उघडून पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: सुई तबकडीच्या खोबणीत थरथरते, ती थरथर एका छोट्या दांडीतून अभ्रकाच्या पातळ चकतीपर्यंत जाते आणि ती चकती हवा हलवते. आवाज म्हणतात तो इथे जन्मतो. आमचा साउंडबॉक्स होता 'नंबर ४' मॉडेलचा. त्याची मागची बाजू जस्ताच्या ओतीव मिश्रधातूची होती. ओतताना त्यात शिशासारखी भेसळ राहिली असेल, तर हा धातू वर्षानुवर्षं आतल्या आत फुगतो आणि तडकतो. आमच्याचा तर कोपराच गळून पडला होता. अभ्रकालाही कडेला चीर.

शोधता शोधता उत्तरेकडच्या एका शहरातला विक्रेता मिळाला. फोटो सुरेख होते. फोनवर तर माणूस इतका गोड की विचारू नका. व्हिडिओ पाठवला, त्यात साउंडबॉक्स खणखणीत वाजत होता. (व्हिडिओत कुठला आवाज कुठून येतोय हे काय कळणार? आता कळतं.) किंमत नऊ हजार. मी घासाघीस केली तेव्हा म्हणाला, "साहब, पुराना टूटा हुआ पीस भेज दो, डेढ़ हजार कम कर दूँगा. हमारे किस काम का, बस सैंपल के लिए." मला वाटलं, भंगाराचे दीड हजार सुटले. पैसे आधी ऑनलाइन पाठवले, दुसऱ्या दिवशी साउंडबॉक्सही पाठवला. पाठवण्याआधी फोटो? एकही नाही.

तीन आठवड्यांनी पार्सल आलं. चकाचक निकेल. बसवला, बालगंधर्वांची एक तबकडी लावली, आणि स्वराऐवजी पत्र्याच्या डब्यात गांधीलमाशी अडकल्यासारखी घरघर. विक्रेता म्हणाला, सौ साल का माल है, थोड़ा बजने दो, खुल जाएगा. मी आठ दिवस वाजवला. खुलला नाही.

शेवटी दुरुस्ती करणाऱ्या एका काकांकडे नेला. त्यांनी भिंग लावलं आणि आधी चकतीची कड पाहिली. अभ्रक पापुद्र्यांचा असतो, कडेला पानांच्या गठ्ठ्यासारखे बारीक थर दिसतात, नखाने हलके उलगडतातही. इथे कड एकसारखी, गुळगुळीत. सुई गॅसवर तापवून त्यांनी कडेला टेकवली. अभ्रकाला काही झालं नसतं. हे मात्र आकसून वर वळलं आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास सुटला. दांडी मधोमध जिथे जोडतात तिथे मेणाचा थेंब असायला हवा, तिथे फेव्हिक्विकचा पांढरा डाग. मागची बाजू नवी, ॲल्युमिनियमची, कानशीने घासून बसवलेली.

"पुढची पट्टी मात्र असली आहे हां," काका म्हणाले आणि सुई आवळायच्या स्क्रूशेजारी बोट ठेवलं. तिथे निकेलखाली तिरपे दोन चरे होते. ते मी लहानपणापासून ओळखतो. स्क्रूचं डोकं झिजल्यावर आजोबा पकडीने आवळायचे, पकड निसटायची, त्याचे ते चरे. आजी त्यावरून दर वेळी बोलायची.

म्हणजे माझाच साउंडबॉक्स खोलून, पट्टीला मुलामा देऊन, आत प्लॅस्टिक घालून मला परत विकला. फोटोतला माल कदाचित त्याच्याकडे कधी नव्हताच. फोन केला, तेव्हा आधी "ऐसा हो ही नहीं सकता" आणि नंतर नंबर ब्लॉक. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार केली आहे. पण तोवर महिना उलटला होता, आणि पैसे गेल्या गेल्या फोन केला तरच ते अडवायची काही आशा असते.

बाजारात चकचकीत पितळी कर्ण्याचे जे 'अँटिक' ग्रामोफोन दिसतात, त्यांतल्या कित्येकांत मोटर आमच्यासारख्याच एखाद्या पोर्टेबलची असते, कर्णा आणि पेटी नवी. ते ओळखण्याइतका मी शहाणा होतो. चोर बाजारात मित्रांना हात धरून दुकानाबाहेर काढलंय मी! आणि फसलो ते सुट्या भागात, कारण तिथे आपण फक्त पुढची बाजू पाहतो.

आता कुणाला काही विचारायचं झालं तर मी तीनच गोष्टी मागतो: मागच्या बाजूचा फोटो, चकतीच्या कडेचा अगदी जवळून फोटो, आणि दोन्हींत शेजारी त्या दिवसाचं वर्तमानपत्र. निम्मे लोक तिथेच गप्प होतात. आपला तुटका भाग तर कुणालाच देत नाही. असली पट्टी, दांडी, स्क्रू यांना गिऱ्हाईक आहे, म्हणून तर तो मागतात.

गेल्या आठवड्यात ओळखीच्या एकाने एक फोटो पाठवला, "हा घेऊ का?" म्हणून. तोच फोटो, तीच मागची निळी चादर. किंमत अकरा हजार, जुना पाठवल्यास दोन हजार कमी.