प्लमर ब्लॉक कॅप खोलून बघितल्याशिवाय घेऊ नका

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमची छोटी फाउंड्री आहे. दिवाळीआधी धूळ ओढणाऱ्या ब्लोअरचे दोन्ही प्लमर ब्लॉक बदलायचे होते. प्लमर ब्लॉक म्हणजे शाफ्टचं बेअरिंग धरून ठेवणारं लोखंडी घर: खाली बेस, वर खोलता येणारी कॅप, आणि बेअरिंग बसतं ते मधलं गोल भोक म्हणजे बोअर. शाफ्ट ६० मिलिमीटर, ब्लॉक ५१३ नंबरचा, आत २२२१३ के बेअरिंग आणि ते शाफ्टवर घट्ट धरणारी एच ३१३ स्लीव्ह. नेहमीच्या दुकानात माल नव्हता म्हणून दुसरीकडं गेलो. तिथला दुकानदार म्हणाला, "मालक, कंपनीचाच माल हाय, जुना स्टॉक म्हणून निम्म्या दरात देतोय." पक्कं बिल मागितलं तर दर वाढंल म्हणाला. मी रोख पैसे दिले, तिथंच फसलो.

दहा दिवसांत एका बाजूचा ब्लॉक हात ठेवू देईना इतका तापला. फिटरला वाटलं ग्रीस कमी पडतंय, म्हणून गननं भरत राहिलो. ताप आणखी वाढला. ब्लॉकची आतली पोकळी गच्च भरली की ग्रीस आतल्या आत घुसळतं आणि तापतं. मोकळ्या जागेचा तिसरा हिस्सा, फार तर निम्मी जागा भरली की पुरे. शेवटी कॅप उघडली. ग्रीस काळंकुट्ट, त्यात लोखंडाची चकाकी, आणि बेअरिंगची बाहेरची रिंग बोअरमध्ये फिरून घासलेली.

रॉकेलनं धुतल्यावर बोअरमधला रंग सुटला आणि खाली सेंटर पंचाचे, म्हणजे हातोडीनं ठोकायच्या टोकदार पंचाचे, ठिपके दिसले. झिजलेल्या बोअरमध्ये असे ठिपके मारले की कडेचं लोखंड वर येतं, बसवताना बेअरिंग घट्ट लागतं. लोड आला की ते उंचवटे दबतात आणि रिंग फिरायला लागते. बोअरचा आतला व्यास मोजणारा बोअर गेज लावला तर १२० मिलिमीटरच्या जागी १२०.१८. नव्या ब्लॉकमध्ये हा फरक ०.०५ मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याच्या आत असतो. कॅपही दुसऱ्याच ब्लॉकची होती, जोडावर नख अडकत होतं. कॅप आणि बेस जोडून एकत्रच बोअर करतात, म्हणून एकाची कॅप दुसऱ्याला चालत नाही. दुसरा ब्लॉक खोलला, त्यातही तेच. म्हणजे जुने झिजलेले ब्लॉक रंगवून आमच्या गळ्यात मारले होते.

दुकानदार म्हणाला, तुमच्या फिटरनं वाकडं बसवलं. हातात बिल नव्हतं, काय बोलणार? दोन बेअरिंग गेली, त्याहून मनाला लागलं ते वेगळंच: ब्लोअर बंद असताना दोन दिवस आमची पोरं शेकआउटच्या, म्हणजे साचा फोडून ओतीव माल काढतानाच्या, धुरळ्यात उभी होती.

घेताना दुकानातच कॅप खोला. बेअरिंग बसतं त्या जागी रंग नसतो, मशीनिंगची स्वच्छ रेघ दिसते. कॅप आणि बेस जुळवून जोडावर नख फिरवा. बोअर गेज सोबत न्या, उभं-आडवं दोन्ही मोजा. नाही म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. एका बाजूचं बेअरिंग पक्कं धरायला लोकेटिंग रिंग लागतात, दुसरी बाजू शाफ्ट तापून वाढतो म्हणून मोकळी ठेवतात. आम्हाला रिंग दिल्याच नव्हत्या, आणि आम्ही विचारलंही नव्हतं.

ते ब्लॉक भंगारवाल्याला दिले असते तर पुन्हा रंग लावून कुणाच्या तरी गुऱ्हाळावर नाहीतर गिरणीत पोचले असते. घणानं फोडले आणि आमच्याच भट्टीत घातले.