पार्सेच्या भाटात माती आणि पाणी तपासून घेतलं: पाचपैकी चार तारे

वडिलोपार्जित भाटात, म्हणजे बागायतीच्या जमिनीत, आम्ही तिघं भावंडं मिळून इमारत बांधतो आहोत. स्टिल्टवर तीन मजले, आठ फ्लॅट. जागा गोव्यात पेडणे तालुक्यात, पार्सेला. वरचं टोक सड्याला, म्हणजे कातळाच्या पठाराला टेकलेलं, खालचं खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या शेतजमिनीच्या, बांधाला. बांधकामाआधी ज्यांच्याकडून माती आणि भूजल तपासून घेतलं, त्यांच्या कामाबद्दल लिहिते आहे. मोपाचा विमानतळ झाल्यापासून आमच्याकडे जो तो बांधायला निघालाय, पण या तपासणीत नेमकं काय करतात ते कोणी कोणाला सांगत नाही.

त्याआधी एकाने अठरा हजारांत रिपोर्ट दिला होता. जागेवर भोक एकही मारलं नाही. "खाली चिराच असणार, पंचवीस टन धरा," एवढंच. चिरा म्हणजे आपला तांबडा जांभा दगड, आणि पंचवीस टन म्हणजे जमिनीच्या दर चौरस मीटरला पेलणारा भार. कंत्राटदाराला ते पटलं. धाकट्या भावाला पटलं नाही. २०१४ च्या जानेवारीत काणकोणच्या चावडी भागात बांधकाम चालू असलेली इमारत कोसळली, तेव्हा तो त्या बाजूला नोकरीला होता. त्यानेच या दुसऱ्या लोकांना बोलावलं.

ते एप्रिलच्या शेवटी आले. इंजिनिअर पोरगा आधी दोन तास नुसता भाटात फिरला. विहिरीत डोकावला, शेजारच्या घरांच्या भिंतींवरच्या भेगा पाहिल्या, खालच्या कोपऱ्यात भराव कधी घातला ते विचारलं. आम्ही तीन बोअरचं, म्हणजे तपासणीच्या खोल भोकांचं, ठरवलं होतं. तो म्हणाला, "बाई, चौथं त्या खालच्या कोपऱ्यात घेऊया. तिथे नाही घेतलं तर बाकी तीन घेऊन उपयोग नाही." पैसे वाढवायला काढलेली युक्ती असेल असं मला वाटलं होतं. तसं नव्हतं.

मी विज्ञान शिकवायचे, त्यामुळे खुर्ची टाकून चारही दिवस बसले. तिवई उभी करतात, विंचने रॉड खाली सोडतात, आणि ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून रॉडवर पाडतात. रॉडवर खडूने पंधरा-पंधरा सेंटिमीटरच्या तीन खुणा. पहिल्या पंधराचे ठोके सोडून द्यायचे, पुढच्या तीसचे मोजायचे. तो आकडा म्हणजे एन; जेवढा मोठा, तेवढी जमीन घट्ट. वरच्या बोअरमध्ये चिऱ्यात पन्नास ठोके झाले तरी रॉड हलेना. कंत्राटदार म्हणाला, "बघा, सांगितलं नव्हतं?" साडेचार मीटरनंतर चिरा संपला आणि आकडा एकदम नऊवर आला. रॉडच्या टोकाला मातीचा नमुना घेणारी नळी असते, ती वर काढून उघडली की शेंगेसारखे दोन भाग होतात. आत पांढरी, गुलाबी, मध्येच पिवळ्या रेघांची माती होती, चिमटीत घेतली तर साबणासारखी गुळगुळीत. तिला लिथोमार्ज म्हणतात. आपल्या चिऱ्याखाली ती बऱ्याच ठिकाणी असते, आणि भिजली की तिची ताकद उतरते.

चौथं बोअर मात्र विसरणार नाही. दोन मीटर तांबडा भराव, आणि खाली काळपट चिखल. हातोडा दोनदा पडला आणि तीस सेंटिमीटर संपलेसुद्धा. नळीत तिसऱ्यांचे शिंपले निघाले. वास ओळखीचा, लहानपणी मानशीकडे (खाजनाच्या बांधातल्या पाण्याच्या दाराकडे) खेळायला जायचो तिथला. ठरलेल्या आराखड्यात इमारतीचा एक कोपरा नेमका या चिखलावर येणार होता, आणि उरलेली चिऱ्यावर. एक बाजू खचली असती, दुसरी जागच्या जागी राहिली असती.

रिपोर्टमध्ये त्यांनी दोन गोष्टी स्पष्ट लिहिल्या. इमारत नऊ मीटर वर सरकवा, नाहीतर त्या बाजूला पाइल (जमिनीत खोलवर जाणारे पायाचे खांब) घ्या, आणि तसं केलं तर सगळ्या इमारतीच्या पायाचा विचार नव्याने करा. दुसरी गोष्ट चिऱ्याची. कंत्राटदार जागेतलेच चिरे काढून भिंतींना वापरणार होता. आमच्याकडे ही जुनी पद्धत, खर्चही वाचतो. त्यांनी साफ नको म्हटलं. वरचा चिरा भार पसरवतो, तो कापून काढला तर इमारत थेट त्या साबणासारख्या मातीवर बसेल. आम्ही राफ्ट (सगळ्या इमारतीखालचा एकसंध काँक्रीटचा पाया) उथळ ठेवला, इमारत सरकवली आणि दोन फ्लॅट कमी केले. थोरला भाऊ महिनाभर नाराज होता.

पाण्याचं काम तर मला सगळ्यात आवडलं. दोन बोअरमध्ये त्यांनी भोकं पाडलेला, जाळी गुंडाळलेला पीव्हीसी पाइप सोडला, भोवती खडी भरली, वर टोपण लावलं. टेपला वजन बांधून दर रविवारी पातळी मी वहीत लिहायची, असं ठरलं. वरच्या पाइपात मेमध्ये पाणी ५.८ मीटरवर होतं, ऑगस्टमध्ये १.१ मीटरवर. चिरा सच्छिद्र, पाऊस पडला की भरभर भरतो. फक्त उन्हाळ्यातल्या आकड्यावर जमिनीखालची टाकी बांधली असती, तर पावसाळ्यात रिकामी असताना ती पाण्याने वर उचलली असती. सेप्टिक टाकीचा शोषखड्डाही विहिरीपासून लांब न्यावा लागला. खालच्या पाइपातलं पाणी भरती-ओहोटीबरोबर वर-खाली व्हायचं. चाचणीत सळी गंजवणारं क्लोराइड जास्त निघालं, म्हणून त्या बाजूच्या कुंपणाच्या पायालासुद्धा सळीवर काँक्रीटचं आवरण वाढवायला सांगितलं.

एक तारा कापला तो रिपोर्टसाठी. तीन आठवडे म्हणाले, सात लागले. शिवाय चाळीस पानं सगळी इंग्रजीत, आणि त्यातला बोअर लॉगचा (किती खोलीवर काय लागलं त्याचा) तक्ता घरच्या माणसाला समजत नाही. मी फोन केला तेव्हा इंजिनिअरने तासभर बसून मराठीत समजावलं, नमुन्यांच्या पिशव्या उघडून दाखवल्या. पण फोन करावा लागला. चिखलाने भरलेली पायवाटही त्यांनी तशीच टाकली होती, ती आम्ही साफ केली.

चार बोअर, प्रयोगशाळेच्या चाचण्या आणि पाइप मिळून एक लाख बारा हजार झाले. घाई असेल तर ते उन्हाळ्यातल्या पातळीवरही रिपोर्ट देतात, पण तुम्ही पावसाळ्यापर्यंत थांबायला तयार आहात का ते आधी विचारतात. हो म्हणा. जुलैत गुरांनी वरच्या पाइपाचं टोपण मोडलं, तेव्हा त्यांचा माणूस भर पावसात येऊन नवीन बसवून गेला, त्याचे पैसे घेतले नाहीत. पाइप अजून आहे, आणि रविवारची नोंद मी अजून घेते.