ओपलेसन्स पीएफ १० टक्के: जेल चांगलंच, पण खरं काम ट्रेचं

दात उजळवण्याचं हे जेल १०, १५, २० आणि ३५ टक्के अशा तीव्रतेत येतं. आमची पसंती १० टक्क्यांना. त्यातल्या कार्बामाइड पेरॉक्साइडपासून साधारण ३.५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं, तेही रात्रभर सावकाश. जास्त तीव्रतेचं जेल पहिल्या आठवड्यात पुढे पळतं, पण शेवटी रंग जवळपास तिथेच येऊन थांबतो. ठणका मात्र जास्त सोसावा लागतो. नावातलं 'पीएफ' म्हणजे पोटॅशियम नायट्रेट आणि फ्लोराइड, दोन्ही ठणका कमी ठेवण्यासाठी.

ट्रे, म्हणजे जेल भरून दातांवर चढवायची पातळ खोळ, दंतवैद्याकडूनच, स्वतःच्या दातांच्या मापाची करून घ्या. अल्जिनेटने (पाण्यात कालवलेल्या, तोंडात घट्ट होणाऱ्या लगद्याने) माप घेतात, त्यात प्लास्टर ओततात आणि त्या साच्यावर पातळ मऊ शीट गरम करून ओढून बसवतात. मापात हवेचा बुडबुडा राहिला की साच्यावर गाठ येते आणि ट्रे तिथे सैल पडतो. माप तासन्‌तास तसंच पडून राहिलं तर आकसतं, मग ट्रे घट्ट होतो. गरम पाण्यात मऊ करून चावायचे तयार ट्रे घेऊच नका. त्यांच्या कडांतून लाळ आत शिरते, लाळेतली विकरं (एन्झाइम्स) पेरॉक्साइड फोडतात आणि उरलेलं जेल हिरडीवर सांडतं.

सुरुवात स्केलिंगने, म्हणजे दंतवैद्याकडून दात साफ करून घेण्याने. मिश्री, तंबाखू, चहा यांचे डाग आणि किटण वरवरचं असतं. ते निघाल्यावर कित्येकांना जेलची गरजच उरत नाही. कीड असेल तर ती आधी भरून घ्यायची.

ब्रश करून ट्रेमध्ये प्रत्येक दाताच्या पुढच्या भिंतीवर जेलचा छोटा थेंब ठेवा. एका जबड्याला १.२ मिलीची सिरिंज तिसरा हिस्सा ते निम्मी पुरते. बाहेर आलेलं जेल बोटाने किंवा कोरड्या ब्रशने लगेच पुसा, नाहीतर सकाळी हिरडी पांढरी पडलेली दिसेल. ती काही तासांत पूर्ववत होते. ८ ते १० तासांनी ट्रे काढून थंड पाण्याने धुवा. गरम पाण्याने त्याचा आकार बिघडतो. आधी वरचा जबडा एकटाच करा, म्हणजे खालच्या दातांशी ताडून फरक मोजता येतो. सुळे मुळात पिवळसर, ते मागे राहतात. हिरडीलगतचा भागही उशिरा उजळतो, कारण तिथे इनॅमल (दाताचं वरचं कवच) पातळ आणि खालचं पिवळं डेंटीन जवळ.

दात शिवशिवले तर एक रात्र सोडा, किंवा पोटॅशियम नायट्रेटची टूथपेस्ट ट्रेमध्ये भरून १० ते ३० मिनिटं ठेवा. नेटाने रोज रेटत राहू नका.

बहुतेकांचं काम दोन ते तीन आठवड्यांत होतं. लहानपणी घेतलेल्या टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाने पडलेल्या करड्या पट्ट्यांना मात्र काही महिने लागतात. फ्लोरोसिसचे (लहानपणी जादा फ्लोराइड पोटात गेल्याने आलेले) पांढरे ठिपके सुरुवातीला उलट जास्त उठून दिसतात, हे आधीच माहीत असलेलं बरं. वेडेवाकडे, एकमेकांवर चढलेले दात सावलीमुळे काळपट दिसतात. ती सावली जेलने जात नाही, तिथे आधी दात सरळ करणं हाच उपाय. कॅप आणि दातात भरलेलं सिमेंट उजळत नाही. पुढच्या दातांचं जुनं सिमेंट बदलायचं असेल तर जेल संपल्यावर दोन आठवडे थांबा: दातात उरलेला ऑक्सिजन नवं सिमेंट नीट चिकटू देत नाही, आणि रंगही तोवर स्थिरावतो.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी हे वापरू नये. उरलेल्या सिरिंज फ्रिजमध्ये ठेवा; रंग उतरल्यासारखा वाटला की त्याच ट्रेमध्ये दोन-तीन रात्री पुरतात.