प्रॅम्प : समोर माणूस असताना कोड लिहायचा सराव

लीटकोडवर, म्हणजे कोडिंगचे प्रश्न सोडवायच्या वेबसाइटवर, दोन-तीनशे प्रश्न सोडवलेले उमेदवारही सॉफ्टवेअर नोकरीच्या मुलाखतीत समोरच्याने "हं, करा सुरुवात" म्हटलं की गांगरतात. अभ्यास झालेला असतो, पण कोणी बघत असताना विचार करायची सवय नसते. नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०२० मध्ये ४८ विद्यार्थ्यांवर हे तपासलं. काहींनी मुलाखतकारासमोर फळ्यावर बोलत बोलत प्रश्न सोडवला, काहींनी बंद खोलीत एकट्याने. ज्यांच्यावर नजर होती त्यांची कामगिरी निम्म्याहूनही खाली आली. म्हणून सरावात ती नजर हवीच, आणि प्रॅम्प ही सराव मुलाखतींची ऑनलाइन सेवा नेमकं तेच देते.

प्रॅम्प आता एक्स्पोनंट या मुलाखतीची तयारी करून घेणाऱ्या कंपनीचा भाग आहे. ठरलेल्या वेळी दोन अनोळखी उमेदवारांची जोडी लागते. व्हिडिओ कॉल चालू, दोघांसमोर एकच एडिटर. आधी एक जण मुलाखत घेतो, मग अदलाबदल. तुम्ही विचारायचा प्रश्न, त्याचं उत्तर आणि हिंट तुम्हाला आधीच मिळतात. शेवटी दोघांनी एकमेकांना अभिप्राय द्यायचा.

आमच्या मते यातला सगळ्यात मोलाचा भाग मुलाखत घेण्याचा, आणि नेमका तोच लोक उरकून टाकतात. त्या खुर्चीत बसलं की कळतं, समोरचा पहिल्यांदा चुकला तर काहीच बिघडत नाही. पण तो एक मिनिट गप्प राहिला की हिंट नेमकी कुठली द्यावी तेच समजत नाही. हे एकदा अनुभवलं की स्वतःच्या पाळीत तोंड आपोआप उघडतं.

उदाहरणच घ्या. ॲरेमधल्या, म्हणजे संख्यांच्या यादीतल्या, कोणत्या दोन संख्यांची बेरीज ६ होते, असा सोपा प्रश्न. घाईत उमेदवार थेट हॅशमॅप (टाकलेली संख्या झटकन शोधून देणारी नोंदवही) लिहायला घेतो. आधी विचारा: संख्या ऋण असू शकतात का? तीच संख्या दोनदा येऊ शकते का? जोडी नसेलच तर काय परत करायचं? मग दोन लूपचा साधा मार्ग, म्हणजे प्रत्येक संख्या बाकीच्या प्रत्येकीशी जोडून बघणं, तोंडी सांगा, तो का संथ आहे तेही सांगा, आणि त्यानंतर हॅशमॅपकडे वळा. इथे ठरलेली चूक म्हणजे आधी सगळा मॅप भरून मग शोध घेणं. ॲरेमध्ये फक्त ३ आणि ५ असतील, तर ३ ला स्वतःचीच जोडी सापडते आणि चुकीचं उत्तर मिळतं. आधी शोधा, मग मॅपमध्ये टाका. ही चूक कोड हातानं चालवून बघताना स्वतःच पकडलीत, तर पहिल्या फटक्यात बरोबर लिहिण्याइतकीच चांगली छाप पडते.

४५ मिनिटं असतील तर साधारण पाच मिनिटं शंका विचारायला, दहा मार्ग सांगायला, वीस कोडला आणि उरलेली तपासणीला ठेवा. डोकं बंद पडलंच तर कीबोर्डवरून हात काढा, श्वास सावकाश सोडा आणि म्हणा, "मला अर्धं मिनिट विचार करू द्या." हे वाक्य खऱ्या मुलाखतीतही बिनदिक्कत चालतं, सरावात मुद्दाम दोन-तीनदा वापरून ते तोंडात बसवा. कागद-पेन शेजारी ठेवा, नोटिफिकेशन बंद करा. रोजच्या एडिटरमधलं ऑटोकम्प्लीटही आठवडाभर आधीच बंद करा, नाहीतर साध्या फंक्शनचं नाव ऐनवेळी आठवत नाही.

उणीव एकच, पण मोठी: जोडीदार कसा मिळेल ते नशिबावर. नवखा असला तर अभिप्राय "छान झालं" एवढ्यावरच संपतो. त्यावर उपाय म्हणजे सुरू होण्याआधीच सांगून ठेवा, "मी किती वेळा गप्प झालो आणि तेव्हा काय लिहीत होतो, एवढंच टिपून ठेवा." असा नेमका प्रश्न दिला की नवखाही कामाचं उत्तर देतो.

पहिल्या मुलाखतीच्या तयारीसाठी आमची शिफारस पक्की: तीन आठवड्यांत सहा सत्रं, शेवटचं मुलाखतीच्या किमान दोन दिवस आधी. वरिष्ठ पदासाठी सिस्टिम डिझाइनची, म्हणजे मोठ्या सॉफ्टवेअरची एकूण रचना आखण्याच्या प्रश्नांची, तयारी करणाऱ्यांना मात्र हे अपुरं पडेल. तिथे चुकीची दिशा ओळखायला समोरचा अनुभवी लागतो. त्यांनी इंटरव्ह्यूइंग डॉट आयओसारखी सेवा बघावी. तिथे अनुभवी इंजिनिअर पैसे घेऊन निनावी सराव मुलाखत घेतात.